पिटस्टोनची लाकडी पवनचक्की : फिरती हवी की नुसती उभी?

रानजाई | रविवार, रात्री ९.४०

आतल्या सांगाड्याच्या एका लाकडावर आकडा कोरलाय : १६२७.

बाहेर लख्ख ऊन होतं, त्यामुळे आत शिरल्यावर आधी काही दिसेचना. डोळे सरावले आणि तो आकडा दिसला. माझ्या आईच्या पिढीला शाळेत शिवरायांचं जन्मसाल १६२७ शिकवायचे, आता आपण १६३० मानतो. त्यामुळे हे साल कुठेही दिसलं की माझं मन थेट शिवनेरीकडे धावतं. तिकडे दख्खनमध्ये ती सगळी धामधूम चालू होती, त्याच सुमाराला इकडे कुणी सुतार हे ओकचं लाकूड तासत बसला होता. मी त्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिले.

पिटस्टोन हे बकिंगहॅमशायरमधलं गाव. मिल्टन कीन्सहून गाडीनं साधारण अर्धा-पाऊण तास. रस्त्याकडेला गाडी लावायची आणि शेतातल्या पायवाटेनं चालत जायचं. मागे चिल्टर्नच्या खडूच्या टेकड्या, आजूबाजूला पिकं आणि मधोमध ही एकटी उभी. दुकान नाही, उपाहारगृह नाही. वारा मात्र भरपूर, आणि तोच तर हवा.

हिची रचना अशी. मधोमध ओकचा एक प्रचंड खांब. त्याच्या डोक्यावर अख्खी लाकडी खोली तोललेली, आणि त्या खोलीत दळायचे दगड, दातेरी चाकं, पीठ खाली येण्याची नळी, सगळं. पुढे चार पाती, मागे जिना आणि एक लांबलचक ओंडका. वारा बदलला की चक्कीवाला तो ओंडका रेटत चालायचा आणि सबंध खोली खांबाभोवती फिरवून तिचं तोंड वाऱ्याकडे करायचा. या तऱ्हेला पोस्ट मिल म्हणतात. पश्चिम युरोपातली ही पवनचक्कीची सर्वांत जुनी तऱ्हा. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या वीडली गावच्या अशा चक्कीची नोंद ११८५ सालची आहे.

पिटस्टोनची चक्की जवळपास तीन शतकं गावाचं धान्य दळत राहिली. १८७४ मध्ये ती शेजारच्या ॲशरिज इस्टेटीचे मालक अर्ल ब्राउनलो यांनी घेतली आणि एका शेतकऱ्याला चालवायला दिली. धंदा बरा चालला होता. मग १९०२ चं वादळ आलं. त्यात ती इतकी मोडली की दुरुस्तीचा खर्च परवडण्यासारखाच राहिला नाही. तोवर वाफेवरच्या आणि पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या होत्या, बाहेरदेशचा गहू बंदरातच दळला जात होता. खेड्यातल्या लाकडी चक्कीवर पैसा कोण घालणार? वीस वर्षं ती तशीच मोडून पडली. १९२२ च्या सुमाराला शेजारी जमीन असलेल्या एका शेतकऱ्यानं ती विकत घेतली आणि १९३७ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली.

आता सगळं मार्गी लागलं असेल असं आपल्याला वाटतं. नाही! आणखी सव्वीस वर्षं गेली. १९६३ मध्ये स्थानिक माणसांचा एक गट पुढे आला आणि पदरमोड करून, स्वतःच्या हातांनी कामाला लागला. १९७० मध्ये, म्हणजे ६८ वर्षांनी, इथे पुन्हा धान्य दळलं गेलं.

मात्र आज ही चक्की खांबाभोवती फिरत नाही. तिचं तोंड एकाच दिशेला कायम केलेलं आहे. आत जा, बघा, हात लावा, पण जिच्यासाठी ती बांधली ती हालचाल आता होत नाही. परतताना गाडीत आमचा यावरूनच वाद झाला. मला वाईट वाटत होतं, नवऱ्याचं म्हणणं, उभी आहे हेच खूप. तुम्हाला काय वाटतं? अशी वास्तू सांभाळायची म्हणजे नक्की काय करायचं?


शेवंता | रविवार, रात्री १०.१५

किती छान लिहिलंयस गं. आमच्या संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिर दर्ग्याच्या आवारातली पाणचक्की लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे पाण्यानं दळणं माहीत आहे. तिथे दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळातून आणून उंचावरून हौदात सोडलंय. पण वाऱ्यावर दळण आणि तेही अख्खं घर फिरवून, हे डोळ्यांसमोर येत नाहीये. एवढं वजन एका खांबावर? तो खांब जमिनीत किती खोल पुरलाय?


रानजाई | रविवार, रात्री १०.५०

शेवंताताई, तो जमिनीत पुरलेलाच नसतो! मलाही हेच वाटलं होतं.

सुरुवातीच्या काळात पुरायचेही, पण ओल लागून बुंधा कुजायचा. मग युक्ती निघाली. जमिनीवर विटांचे चार ओटे. त्यांवर दोन जाड तुळया एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या ठेवलेल्या. त्या तुळयांच्या टोकांपासून तिरके टेकू निघून खांबाला चारही बाजूंनी धरतात. सगळा भार या टेकूंमधून ओट्यांवर उतरतो. खांबाचा तळ फुलीच्या किंचित वर अधांतरी राहतो, जमिनीला टेकतच नाही. पुढे पुष्कळ ठिकाणी या तिवईभोवती विटांची गोल खोली बांधली, म्हणजे पावसापासून लाकूड वाचतं आणि पोती ठेवायला जागाही होते. पिटस्टोनलाही तशी खोली आहे.

खांबाच्या माथ्यावर एक आडवी तुळई बसते आणि खोलीचा सांगाडा तिला टांगलेला असतो. म्हणजे खोली खांबावर 'बसलेली' कमी आणि 'लटकलेली' जास्त. पुढे पात्यांचं वजन, मागे जिना-ओंडक्याचं, असा तोल. ओंडक्याच्या टोकाला आपल्या बैलगाडीला असतं तसं चाक लावलेलं आहे, रेटताना भार पेलायला.

पात्यांचा कणा वर छतापाशी. त्यावर मोठं दातेरी चाक, ते छोट्या चाकाला फिरवतं आणि वेग वाढत जातो. पाती मिनिटाला बारा-पंधरा फेरे घेतात तेव्हा दगड शंभराच्या पुढे जातो. धान्य वरच्या मजल्यावर दगडात पडतं आणि पीठ नळीतून खालच्या मजल्यावर येतं. पोती वर चढवायलाही वाराच, त्यासाठी वेगळा रहाट.


नदीकाठ | सोमवार, सकाळी ७.०५

एक छोटी भर. इराणच्या खोरासान भागात नश्तीफान म्हणून गाव आहे, तिथे माती, काड आणि लाकडाच्या पवनचक्क्या आहेत. त्यांचा कणा आडवा नाही, उभा असतो. पाती फिरत्या दारासारखी गोल फिरतात. तिथे इमारत फिरवायची गरजच पडत नाही, कारण त्या मुलखात वर्षातले कित्येक महिने वारा एकाच बाजूनं वाहतो. त्यामुळे भिंती बांधूनच दिशा कायम केली. इंग्लंडचा वारा लहरी, म्हणून घर फिरवावं लागलं. जसा वारा तशी चक्की.


गिरणीवाले | सोमवार, दुपारी १.३०

ताई, तुमच्या धाग्यानं आमचं जुनं घर डोळ्यापुढं आलं. आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. आधी इंजिनावर, पुढं मोटारीवर. पाती असोत की पट्टा, दगड तो दगडच, म्हणून सांगतो.

लोक मशीन बघतात, गिरणीचा जीव दगडाच्या टाकीत, म्हणजे छिन्नीनं पाडलेल्या चऱ्यांत असतो. दळून दळून दगड गुळगुळीत होतो. मग तो धान्य कापत नाही, नुसतं चिरडतो. पीठ गरम यायला लागतं. ज्वारीच्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. बायका पीठ हातात घेऊनच सांगायच्या, 'दादा, टाकी लावा आता.' वडील रात्री गिरणी बंद झाल्यावर वरचा दगड उलटा करून कंदिलाच्या उजेडात बसायचे. टाक-टाक-टाक आवाजात आम्ही झोपायचो. घरातल्या जात्याला टाकी लावायला माणसं दारावर यायची, गिरणीचं मात्र आपलं आपणच.

माझा प्रश्न असा : तिकडच्या चक्कीच्या दगडाला चऱ्या कशा असतात? मधून कडेकडे जाणाऱ्या असतात का?


रानजाई | सोमवार, संध्याकाळी ६.२०

गिरणीवाले दादा, अगदी तशाच! मधल्या तोंडापासून कडेकडे तिरक्या चऱ्या. वरच्या आणि खालच्या दगडाच्या चऱ्या एकमेकींना कात्रीच्या पात्यांसारख्या छेदतात. दाणा कापला जातो, हवा खेळते आणि पीठ सरकत सरकत बाहेर येतं. गव्हाला फ्रान्सहून आणलेला 'बर' नावाचा दगड चांगला मानायचे, तो खूप कठीण. तो अखंड मिळत नसे म्हणून तुकडे सांधून बाहेरून लोखंडी पट्टी चढवायचे. जनावरांच्या भरड्याला डर्बिशायरचा दगड.

आणि तुमच्या वडिलांचं वाचून हे सांगावंसंच वाटलं. तिकडेही टाकी लावणारे कारागीर गावोगाव फिरायचे. टाकीच्या पोलादाचे कण उडून त्यांच्या हाताच्या कातडीत रुतून बसत, मनगटापर्यंत निळे-काळे ठिपके. नवा माणूस कामाला आला की चक्कीवाला आधी त्याचे हात बघायचा, असं सांगतात.


गिरणीवाले | सोमवार, रात्री ८.०५

वडिलांच्या डाव्या हातावर तसे ठिपके होते. लहानपणी मला ते गोंदण वाटायचं.


उत्रेख्तकर | सोमवार, रात्री ११.३०

धागा सकाळपासून वाचतोय. मी नेदरलँड्समध्ये असतो आणि गेलं वर्षभर पवनचक्की चालवायला शिकतोय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो. रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत ठाम आहे : फिरती हवी.

इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नऊ-दहा हजार पवनचक्क्या होत्या, आज साधारण बाराशे उरल्यात. त्या उरल्या, कारण १९२३ मध्येच पवनचक्क्यांसाठी एक संस्था निघाली. मग दुसरी अडचण कळली. इमारती डागडुजी करून उभ्या राहिल्या, पण चालवणारे म्हातारे होऊन गेले. दार बंद, पाती थांबलेली. थांबलेल्या पात्याच्या सांध्यात पाणी साचतं, ते नेहमी एकाच ठिकाणी. भार एकाच बाजूला. आत कुणी जातच नाही, त्यामुळे कौल सरकलं, भुंगा लागला, पक्ष्यानं घरटं केलं, हे कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून १९७२ मध्ये हौशी चक्कीवाल्यांची संघटना झाली. शिकायचं, सगळ्या ऋतूंत एखाद्या चक्कीवर तास काढायचे, परीक्षा द्यायची आणि मग दर आठवड्याला ती चक्की चालवायची. २०१७ मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत चक्की नव्हे, चक्की चालवण्याची 'कारागिरी' घातली. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

चालवणं म्हणजे काय ते सांगतो. सकाळी आधी आकाश बघायचं. ढगांचा रंग, झाडाची पानं कुठल्या बाजूनं उलटतायत ते. मग तोंड वाऱ्याकडे. एकेक पातं खाली आणायचं, जाळीवर चढून कापड पसरायचं, बांधायचं. तसं चार वेळा. वारा वाढला की पुन्हा थांबवून कापड गुंडाळायचं. सगळ्यात मोठी भीती मागून अचानक येणाऱ्या वाऱ्याची. आणि ब्रेक लाकडाचा आहे. वादळात तो फार वेळ घासला तर ठिणगी पडून चक्की पेटते. अशा किती तरी जळल्या आहेत.

भोवतालचा वाराही राखावा लागतो. चक्कीच्या आसपास उंच इमारती आणि झाडं किती असावीत यावर इथे पुष्कळ ठिकाणी बंधनं आहेत. वारा अडला तर चक्की मेली.

आणखी एक सांगावंसं वाटतं. थांबलेल्या पात्यांची स्थिती ही इथे एक भाषा आहे. पातं सर्वांत खालच्या बिंदूवर येण्याच्या किंचित आधी थांबवलं तर आनंद : लग्न, बारसं. तो बिंदू ओलांडून किंचित पुढे गेल्यावर थांबवलं तर शोक. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर विमान पाडलं गेलं, शेकडो माणसं गेली, त्यात खूपसे डच होते. राष्ट्रीय शोकदिनी देशभरच्या चक्क्या शोकस्थितीत उभ्या केल्या होत्या. ज्या चक्कीची पाती अडकून पडलीत, ती हे करू शकली नसती.


शेवंता | मंगळवार, सकाळी ६.५०

शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला.


अनुस्वार | मंगळवार, दुपारी १२.१०

सगळे इतक्या आपुलकीनं लिहितायत, म्हणून विचारू की नको असं झालं होतं. तरी विचारतो, वाद घालायला नाही, समजून घ्यायला.

१६२७ हा आकडा एका लाकडावर आहे. बाकीची लाकडं तेव्हाची आहेत का? १९०२ ला ती मोडली, १९६३ नंतर पुन्हा उभी केली. पाती तर उघड्यावर असतात, ती कितीदा बदलली असतील. फळ्या नव्या, कापड नवं. मग आपण नक्की काय जपतोय? आणि उत्रेख्तकर म्हणतात तशी दर आठवड्याला फिरवली तर झीज होऊन उरलेलं जुनंही बदलावं लागणार. जुनं लाकूड जपायचं तर थांबवणं बरं, चालवणं जपायचं तर जुनं लाकूड जाणार. दोन्ही एकदम कसं जमायचं?


रानजाई | मंगळवार, संध्याकाळी ७.००

अनुस्वार, प्रश्न अगदी योग्य आहे. तुमचं पहिलं म्हणणं बरोबरच आहे, चक्कीत वेगवेगळ्या काळातलं लाकूड आहे. पोस्ट मिल कधी एकदाच बांधून झाली असं होत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या बांधली जात असते. १६२७ ला तिथे काम झालं एवढं तो आकडा सांगतो, आणि तेवढ्यावरही ती ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या चक्क्यांपैकी एक ठरते. पुढचं लाकूडकामातल्या कुणी जाणत्यानं सांगावं.


सुतारपक्षी | मंगळवार, रात्री ९.४५

सांगतो. आमचं घराणं सुताराचं, आजोबा बैलगाड्या करायचे. मी स्वतः जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो.

आजोबांच्या गाडीचा तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, वर लोखंडी धाव तापवून चढवलेली. आरा मोडला की आरा बदलायचा, पुठ्ठा (चाकाच्या कडेचा लाकडी तुकडा) झिजला की पुठ्ठा. वीस वर्षांनी त्या चाकात पहिल्या दिवसाचं काय उरलं असेल? पण गाडी तीच. शेतकरी तिला दसऱ्याला ओवाळायचा तेव्हा कुठला आरा जुना ते मोजत नव्हता. गावच्या रथाचंही तेच. दरसाल काही ना काही बदलतं, रथ मात्र पणजोबांच्या वेळचा.

याचा अर्थ वाटेल ते बदला असा नाही. हे फार जपून सांगतोय, कारण वाड्यांची कामं करताना मी डोळ्यांदेखत वाटोळं झालेलं बघितलंय. तुळईचं टोक भिंतीत कुजलेलं असतं, दोन फूट. बाकी चौदा फूट सागवान शिसवीसारखं टणक. ठेकेदार सगळी तुळई उतरवून लोखंडी गर्डर टाकतो. मालकाला वाटतं काम पक्कं झालं. खरं काम असं : कुजलेलं तेवढंच कापायचं, तिरपा सांधा घेऊन त्याच जातीचं लाकूड जोडायचं, पाचर ठोकायची. नवीन जोडावर साल कोरून ठेवायचं, म्हणजे पुढच्या सुताराला कळेल कुणी कुठे हात लावला. ज्यानं १६२७ कोरलं त्याच्याही मनात हेच असेल.

चक्कीतला एक बारकावा मला फार आवडला, तो सांगतो. दातेरी चाकांचे दाते सफरचंदाच्या किंवा हॉर्नबीमच्या लाकडाचे असतात, ओकचे नाही. ते वेगळे करून खाचेत बसवलेले असतात. पुढे लोखंडी चाकं आली तरी जोडीतल्या एका चाकाला लाकडी दाते ठेवायचे. झटका बसला तर दाता तुटतो, चाक वाचतं. आवाज कमी, ठिणगी नाही. म्हणजे काय मोडायचं ते करणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलंय. अनुस्वार, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. दाते, कापड, पाती, बाहेरच्या फळ्या ही झिजायचीच लाकडं. खांब, टेकू, माथ्यावरची तुळई ही जपायची. चालवा, पण झीज कुठे जाते ते बघत चालवा.


अनुस्वार | मंगळवार, रात्री १०.२०

पटलं. 'काय मोडायचं ते आधीच ठरवून ठेवलंय' हे डोक्यातून जाणार नाही. धन्यवाद सुतारपक्षी.


रानजाई | बुधवार, रात्री ९.१५

सुतारपक्षी दादा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

उत्रेख्तकर, तुमचं 'फिरती हवी' मनाला पटतं, पण त्याला एक बाजू आहे. सरेमधल्या आउटवुड गावी १६६५ ची पोस्ट मिल आहे. थॉमस बजन नावाच्या चक्कीवाल्यानं बांधलेली. पुढच्या वर्षी लंडनला मोठी आग लागली तेव्हा तिच्या ज्वाळा या चक्कीवरून दिसल्या अशी आख्यायिका आहे. तिच्या शेजारीच पुढच्या शतकात दुसरी, उंच, स्मॉक मिल (हिची फक्त पाती असलेली टोपी फिरते, लाकडी अंग स्थिर) बांधली. दोन चक्क्या शेजारी शेजारी. उंच होती ती १९६० च्या नोव्हेंबरमध्ये कोसळली. धाकटी गेली, थोरली राहिली. केंटमधली चिलेंडनची पोस्ट मिल २००३ च्या वादळात आडवी झाली. तिला नंतर पुन्हा उभं केलं, पण एका रात्रीत एवढं जाऊ शकतं.

पोस्ट मिलचा सगळा भार एका खांबावर, आणि खांब कुजतो तो आतून. बाहेरून ठणठणीत दिसतो. त्यात पात्यांच्या वजनानं कित्येक चक्क्या हळूहळू पुढे झुकतात, त्याला तिथे 'हेड-सिक' म्हणतात. तुमच्या डच चक्क्यांत बहुतेक ठिकाणी फक्त टोपी फिरते, अंग स्थिर असतं. पिटस्टोनसारख्या चक्कीत अंगच फिरवावं लागतं. पूर्वी मोडून पडलेला, सांधून उभा केलेला सांगाडा फिरवायचा म्हणजे केवढी जोखीम. ज्यांनी आपल्या सुट्टीच्या दिवसांत तो एकेक फळी लावून उभा केला, त्यांच्या जागी मी असते तर मलाही तो हलवायचं धाडस झालं नसतं.

म्हणून तीन दिवसांपूर्वी मला वाईट वाटत होतं ते आता तसं वाटत नाही. मी चुकीच्या गोष्टीकडे बघत होते. १९३७ ला कागदोपत्री मालकी सुरक्षित झाली तरी चक्की कुजतच होती. १९६३ ला माणसं शिडी घेऊन आली तेव्हा ती वाचली. तुम्ही म्हणालात तेच, कुणीतरी आत जात राहिलं पाहिजे. फिरवायला असो, झाडायला असो, की नुसतं टकटक करून लाकूड पोकळ वाजतंय का ते ऐकायला.


उत्रेख्तकर | बुधवार, रात्री ११.५०

मान्य. टोपी आणि अंग हा फरक मी लक्षातच घेतला नव्हता. तरी आत्ता ना उद्या तिला वाऱ्याकडे वळवता यावं ही माझी इच्छा मी सोडत नाही.

एक गोष्ट मात्र लगेच करण्यासारखी आहे. आमच्याकडे झान्से स्कान्समध्ये 'हेट योंगे स्खाप' नावाची लाकूड कापायची पवनचक्की आहे. मूळची सतराव्या शतकातली, ती १९४२ मध्ये पाडली. पण पाडण्याआधी आन्टोन सिपमन या माणसानं तिचा प्रत्येक ओंडका, प्रत्येक खुंटी मोजून रेखाटून ठेवली होती. त्या रेखाटनांवरून ती जशीच्या तशी पुन्हा बांधली आणि २००७ पासून तिथे पुन्हा लाकूड कापलं जातंय. पासष्ट वर्षांनी! ज्यांना शिडीवर चढणं जमत नाही त्यांनी फूटपट्टी आणि वही घ्यावी. तुमच्याकडे जुन्या चक्क्यांची काळजी घेणारा एक विभाग प्राचीन वास्तूंच्या संरक्षण सोसायटीत १९३१ पासून आहे, त्यांच्याकडे चौकशी करा.


घाटमाथा | गुरुवार, दुपारी ३.१५

आम्ही पाटण तालुक्यातले. आमच्याकडं पवनचक्की म्हणजे वनकुसवड्याच्या पठारावरची पांढरी, तीन पात्यांची. खाली कोयनेचं पाणी आणि वर ह्या. त्यांना बघायला लोक लांबून येतात. वारा आम्हाला शिकवायला नको, पावसाळ्यात पठारावर उभं राहता येत नाही. पण त्या वाऱ्यावर धान्य दळता येतं हे मनात कधी आलं नव्हतं.

गिरणीवाले आणि सुतारपक्षी यांचं वाचून काल एक केलं. आमच्या आजीचं जातं परड्यात तुळशीमागं पडलंय. खुंटा कधीच गेला. माकडीचं (वरच्या दगडाच्या भोकातलं आडवं) लाकूड कुजलेलं. दगडाला काही झालं नाही. पोरं त्यावर बसून डबा खातात. आई ऐंशीला आली, तिनं या जात्यावर दळलंय, ओव्या म्हटल्यात. काल विचारलं, 'आई, खुंटा कशाचा असायचा?' ती म्हणाली, 'बाभळीचा, आणि ढिला नको, हाताला फोड येतात.' लगेच हातानं दाखवलं केवढा पाहिजे. पुतण्याला सांगून बाभळीचं लाकूड आणलंय. टाकी लावणारा मात्र मिळंना. कुणाला माहीत असेल तर सांगा.


गिरणीवाले | गुरुवार, संध्याकाळी ७.४०

घाटमाथा, मी लावून देतो. वडिलांच्या टाक्या अजून माझ्याकडं आहेत, दोन. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईंना सांगा, वरची तळी उचलून दोन दिवस उन्हात ठेवा, शेवाळ सुटेल. पाणी मारू नका.


सुतारपक्षी | गुरुवार, रात्री ८.२०

खुंट्याचं लाकूड ओलं असेल तर लगेच ठोकू नका. सावलीत वाळू द्या, नाहीतर महिन्याभरात सैल होईल. माकडीला बाभळीपेक्षा चिवट असं काही बघा, भोक पडायला लागतं लवकर. मापं पाठवलीत तर मी करून पाठवीन.


रानजाई | रविवार, रात्री १०.३०

आठवड्यानं पुन्हा लिहितेय. आज परत गेलो, या वेळी वही आणि मोजपट्टी घेऊन. मोजायची परवानगी अर्थातच आधी विचारली. दारावरच्या आजोबांनी 'कशाला?' विचारलं तेव्हा मी या धाग्याबद्दल सांगितलं. गिरणीवाल्यांच्या वडिलांच्या हाताची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी स्वतःची बाही वर केली. ठिपके नव्हते, पण एक जुना व्रण होता, छिन्नीचा. मग त्यांनी मला खालच्या गोल खोलीत नेलं आणि खांबाचा तळ फुलीपासून किती वर आहे ते दाखवलं. माझं बोट मधल्या फटीत शिरलं.

मे महिन्यात इथे देशभर चक्क्यांचा खास शनिवार-रविवार असतो, तेव्हा एरवी बंद असणाऱ्या पुष्कळ चक्क्याही उघडतात. जवळच आयव्हिंगहोला फोर्ड एंडची पाणचक्कीही आहे, शेवंताताई, तीही दुरुस्त करून चालती केलेली. मी त्या दिवसांसाठी मदतनीस म्हणून नाव दिलंय. जिन्याखाली उभं राहून एका वेळी किती माणसं वर सोडायची ते बघायचं, एवढंच काम आहे.

येणाऱ्यांसाठी : चपटे बूट घाला, जिना जवळजवळ उभा आहे आणि उतरताना पाठमोरं उतरावं लागतं. शेतातली वाट पावसानंतर चिखलाची असते. लहान मुलांना आत दातेरी चाकांपाशी हात धरून ठेवा.

घाटमाथा, खुंटा वाळला का?


घाटमाथा | सोमवार, सकाळी ६.१०

अजून आठ दिवस लागतील. आई रोज जाऊन बघून येते.